लाल कार्डवालीच्या गावी

आधीच सांगते, या लेखातली सगळी नावं बदललेली आहेत. माणसांची, आणि माझंही. गावाचं तर मी नावच घेणार नाही. एका मुलीच्या खरेपणावर भाळून मी इचलकरंजीहून थेट गडचिरोली जिल्ह्यात गेले आणि आता तिच्याबद्दल खोट्या नावाने लिहितेय. हसायचं तर हसा. परत येऊन दीड महिना झाला. मधे चार वेळा लिहायला बसले आणि चार वेळा उठले.

माझं ब्यूटी पार्लर आहे, वीस वर्षांचं. गिऱ्हाइकांचे वांग, मुरमांचे खड्डे, रडून सुजलेले डोळे झाकण्यात माझा हातखंडा आहे. तो आला कुठून, तर मी रोज सकाळी आधी स्वतःला झाकते. माझ्या हनुवटीवर, मानेच्या डाव्या बाजूला आणि छातीवर कोड आहे. एकविसाव्या वर्षी बघायला आले तेव्हा मावशीने हनुवटीवर पावडर थापली आणि म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ आठ महिने झाकलेली राहिली, अंधारात नवऱ्यालाही कळली नाही. मग सासूने मला न्हाणीतून बाहेर येताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी बॅगेसकट माहेरी आणून सोडलं. "फसवलंत आम्हाला," असं ती माझ्या वडिलांना म्हणाली. खरं सांगायचं तर फसवलंच होतं. त्यानंतर मी लग्न केलं नाही आणि डाग कुणाला दाखवले नाहीत.

आता तिच्याबद्दल. तिला आपण रंजू म्हणू. तिकडे चार जिल्ह्यांत तिला 'लाल कार्डवाली' म्हणतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडे सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार पुष्कळ. पिढीजात येतो. रक्त तपासून कार्ड देतात. आजार नसेल त्याला पांढरं, आजार आहे त्याला लाल. आणि ज्याला स्वतःला काही त्रास नाही, पण रक्तात तो अर्धा घेऊन फिरतो, त्याला पिवळं. दोन पिवळी कार्डं नवरा-बायको झाली, तर त्यांच्या पोटी लाल कार्डाचं मूल येऊ शकतं. चारांत एक, असा हिशेब डॉक्टर सांगतात. म्हणून आपल्याकडे पत्रिका जुळवतात तशी तिकडे आता कार्डं जुळवतात.

रंजूचं कार्ड लाल. ती तिकडच्या झाडीबोलीत गाणी रचते, डीजेच्या ठेक्यावर गाते, फोनवर टाकते, आणि ती गाणी तिकडे प्रत्येक वरातीत वाजतात. एका गाण्यात ती म्हणते, "हाड हाड दुखते माह्यं, तुमी म्हनता नाच, नाचते मी, पन उद्या मले पाह्याले याच." यावर लोक नाचतात! मी ते पहिल्यांदा ऐकलं एका गिऱ्हाइकाच्या फोनवर, आणि थ्रेडिंगचा दोरा दातांत तसाच राहिला. मग मी तिला शोधून काढलं. ती दवाखान्यातून लाईव्ह यायची. हाताला सलाईन, तोंडावर पावडरीचा कण नाही, डोळे हळदीसारखे पिवळे. "आज मले भेव लागून राह्यलं," असं सरळ म्हणायची आणि रडू आलं तर रडायची. आमच्याकडे माणूस मयताला गेला तरी डोळ्यांतलं काजळ सांभाळतो. मी एकदा तिला लिहिलं, "मीही एक गोष्ट लपवते." तिने उत्तर दिलं, "सांगा ताई जवा जमन तवा. घाई नाई." एवढंच. पण इतक्या वर्षांत मला घाई नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. मी तिच्या पायाची धूळ व्हायची बाकी राहिले.

या वर्षी संक्रांतीनंतर तिचं गाणं बंद झालं. दोन महिने काहीच नाही. मी मेसेज केले तर शेवटी साध्या एसएमएसवर उत्तर आलं, "घरी या ताई." मी पार्लर आठ दिवस बंद ठेवलं. मनात एकच होतं. तिच्यासमोर बसायचं, तोंड धुवायचं आणि आयुष्यात एकदा कुणाला तरी आपण होऊन तोंड दाखवायचं.

चंद्रपूर

मार्चच्या अखेरीस चंद्रपूरला जाऊ नये. उन्हाचं कौतुक मी ऐकून होते, पण सकाळी नऊ वाजता हनुवटीवरचा बेस वितळेल असं वाटलं नव्हतं. लॉजच्या गॅलरीत वाळत घातलेल्या माझ्या पांढऱ्या ओढणीवर तासाभरात काळी भुकटी बसली. मी तक्रार केली तर मॅनेजर म्हणाला, "कोळशाचं गाव हाये बाई, पांढरं काऊन आनलं?"

जेवणात वांगी आणि सुके झिंगे एकत्र. मी तांबड्या रश्श्यावर वाढलेली बाई, मला वाटलं तिखट म्हणजे आमचं. दोन घासांत नाकाडोळ्यांतून पाणी आलं. ते बघून वाढणाऱ्या बाईंनी न विचारता भात वाढला. तिकडे भात सुरुवातीलाही येतो, मधेही आणि शेवटीही. भाकरी मागितली की कौतुकाने बघतात.

स्टँडवर जाताना रिक्षात रंजूचंच गाणं लागलं होतं. मी फुशारून सांगितलं, मी हिच्याच घरी चाललेय. रिक्षावाले भाऊ सिग्नलला थांबून खर्रा घोटत होते. सुपारी आणि तंबाखू प्लॅस्टिकच्या कागदात घोटून करतात तो प्रकार. ते घोटणं थांबवून त्यांनी मागे बघितलं.

"लाल कार्डवालीच्या? पोट्टी एक नंबर गाते. माह्या साळीच्या लग्नात तिच्यावरच नाचलो आमी." मग पुन्हा घोटायला लागले. "पन असं सांगाव का जी कोनी? घरात आनखी एक पोट्टी हाये म्हन्ते तिच्या."

मी म्हटलं, "खरं बोलायला हिंमत लागते भाऊ."

"तिले लागली असन," ते म्हणाले. "भोगून तं दुसरीच राह्यली."

मला त्यांचा राग आला. जगात हिंमतवाल्यांना नावं ठेवणारे असतातच, असं मी मनाशी म्हटलं आणि सुटे पैसे परत न घेता उतरले.

चामोर्शी

मूल गावाच्या पुढे जंगल सुरू होतं आणि गडचिरोलीपर्यंत संपत नाही. सागाची पानं झडलेली, सगळं करडं, आणि मधेच एखादा पळस पेटलेला. वैनगंगेच्या पुलावर बसमधल्या दोन म्हाताऱ्यांनी नदीत नाणी टाकली. चामोर्शीच्या अलीकडे खनिजाच्या ट्रकांची रांग लागली होती. सूरजागडच्या डोंगराचं लोखंड वाहणारे ते ट्रक एवढे की रस्त्याकडेची झाडं लाल झालेली. कंडक्टरने सांगितलं, "आता अर्धा घंटा बसा बाई, डोंगर चाललाय."

रंजू स्टँडवर घ्यायला आली होती. फोनमध्ये ती मोठी दिसते. प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागेल एवढी, हात काडीसारखे. तिने वाकून नमस्कार केला तर मला रडू फुटलं. ती हसली आणि म्हणाली, "सगळे मले पाह्यले का रडतेच ताई. मी मेली नाई न अजून."

बाजाराचा दिवस होता. तिने घरासाठी लाखोरीची डाळ घेतली. तिच्याकडे बघून दोन पोरी फोन काढत जवळ आल्या, पण ओढणी तोंडावरून घेऊन ती मला ओढतच काळीपिवळीत घेऊन गेली. आमच्याकडे वडाप म्हणतात तीच जीप. सहाच्या जागी चौदा माणसं आणि एक कोंबडा बसल्यावर ती सुटली. मी गाण्याचं विचारलं तर ती खिडकीबाहेर बघत राहिली. "घरी पल्लूसमोर नोका विचारू," एवढंच म्हणाली. पल्लू म्हणजे तिची धाकटी बहीण.

गावात

घर मातीचं, सारवलेलं, मागे धानाची रिकामी बांधी, म्हणजे भाताचं शेत, आणि बांधीला लागून जंगल. घरात रंजू, तिची धाकटी बहीण पल्लवी आणि त्यांची माय. वडील चार वर्षांपूर्वी गेले. मायने मला पाट दिला, पाणी दिलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी नेमकं काय केलंय हे मला कळेना.

जेवणात लाखोरीच्या डाळीचे वडे होते. मी सात खाल्ले. मायला तेवढं एक माझं आवडलं असावं.

सकाळी पल्लवी मला मोह वेचायला घेऊन गेली. उजाडायच्या आत गाव जंगलात जातं. झाडाखालची जागा आधीच झाडून ठेवलेली असते. त्यावर पिवळट, रसाळ फुलं टपटप पडतात आणि बाया कंबर न उचलता टोपल्या भरतात. वास असा गोड की डोकं जड होतं. पल्लवीने एक फूल खायला दिलं. मी लोभाने मूठभर खाल्ली आणि तासाभराने बांधावर बसून ओकले. ती पाठीवरून हात फिरवत पोट धरून हसत होती. पल्लवी बावीस वर्षांची, गोल चेहऱ्याची, हसरी. गाणं येत नाही, फोनचं वेड नाही. नर्सिंगचा कोर्स अर्धा झाल्यावर बहिणीच्या औषधपाण्यापायी सोडलेला.

ओकून झाल्यावर तिने मला विहिरीवर नेलं आणि तोंडावर पाणी मारलं. मी विसरूनच गेले. ओढणीने तोंड पुसलं तर ओढणी बदामी झाली आणि ती माझ्या हनुवटीकडे बघत राहिली. म्हणजे जे रंजूसमोर करायचं म्हणून मी महाराष्ट्र ओलांडून आले होते, ते ओकारीच्या भरात भलतीच्याच समोर झालं.

"दुखते का जी हे?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग काऊन लपवता?"

मी तिला सासूची गोष्ट सांगितली. सगळी. तिने ती ऐकून घेतली. मग माझ्या पिशवीतून बेसची डबी काढून दिली आणि कुणी येतंय का ते बघत उभी राहिली, मी पुन्हा रंगेपर्यंत.

परत येताना तिने तिचं सांगितलं. तिचं कार्ड पिवळं. तिला आजार नाही, होणारही नाही. पांढऱ्या कार्डाच्या मुलाशी लग्न झालं तर तिच्या मुलांनाही हा आजार व्हायचा नाही. हे तिला कोर्समध्ये शिकवलेलं होतं, पण बघायला येणाऱ्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. दोन स्थळं चहा पिऊन गेली आणि निरोप आला, लाल कार्डवालीच्या घरची पोरगी नको. दुसऱ्या वेळी मायने रंजूचा फोन चुलीत टाकला. गाणं बंद व्हायचं कारण हे होतं.

"बाईवर राग आहे का तुझा?" मी विचारलं. तिकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात.

"तिच्यावर नाई," पल्लवी म्हणाली. "तुमच्यावर हाये थोडासा. तुमी लोकं हार्ट पाठोता, तिले वाटते सारं जग आपल्या संगं हाये. पन माह्या लग्नाले तुमच्यातलं कोन येनार हाये?"

मी म्हटलं, मी येईन. ती म्हणाली, "ठरू तं द्या."

पाहुणे

ते ठरायलाच परवा माणसं येणार होती, सिंदेवाहीकडची. मुलगा नागपूरला कंपनीत. मायने सगळं योजून ठेवलं होतं. पल्लवीचं कार्ड पांढरं होतं, पण घरात पाणी शिरलं तेव्हा भिजून गेलं, असं सांगायचं. आणि रंजूने सांगायचं की लाल कार्ड-बिर्ड सगळं गाण्यापुरतं, लोकांनी बघावं म्हणून. "तिची तब्बेत चांगली दिसली पाह्यजे," त्या दिवशी सकाळी माय माझ्याकडे बघून म्हणाली. आल्यापासून ती माझ्याशी पहिल्यांदाच नीट बोलत होती. "बाई, तुमाले येते न ते रंगवाचं?"

मी रंजूकडे बघितलं. मला वाटलं, ही आता नाही म्हणेल. हिने मरणाच्या दारातून लाईव्ह येऊन खरं सांगितलंय, ही कशाला ऐकते? ती उठली, कंदिलाशेजारच्या खुंटीवरचा आरसा काढून तिने माझ्यासमोर ठेवला आणि डोळे मिटून बसली.

वीस वर्षांत मी एवढं चांगलं काम केलं नसेल. डोळ्यांखालचं काळं घालवलं, गालांना रक्त दिलं, ओठांचा फिकेपणा झाकला. तिचे गाल इतके आत गेलेले की ब्रश टेकताना भीती वाटायची. माझ्या बोटांना ते सगळं पाठ होतं, मावशीने माझ्या हनुवटीवर केलं होतं तेच. मला राग येत होता, पण कुणावर तेच कळत नव्हतं. शेवटी उरले डोळे. बुबुळांभोवतीचं पिवळं कुठल्या ब्रशने झाकणार? ते मायने आधीच योजलं होतं. काळा गॉगल, आणि कुणी विचारलंच तर डोळे आलेत म्हणायचं. डोळे आलेल्या माणसाकडे कुणी निरखून बघत नाही.

पाहुणे आले. मुलगा, त्याचा मामा, एक मावशी. मुलगा चांगला होता, हे लिहायला हवं. पल्लवीने नर्सिंग का सोडलं ते त्याने विचारलं, आणि पुन्हा सुरू करता येईल का तेही विचारलं. ती खाली बघून हसली. मला तिथेच वाटलं, देवा, हे होऊ दे.

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. "कार्डाचं कसं हाये बाई?"

माय म्हणाली, "पांढरं होतं जी. पुरात भिजलं."

"आमच्या पोराचंबी पांढरंच हाये. नागपूरले रूमवर राह्यलं." मामा म्हणाले. "घरचेच लोकं आपन, कागद काय पाह्याचे एकमेकाचे."

"हो न," माय म्हणाली.

कुणी जोर केला नाही, कुणी पुन्हा विचारलं नाही. मला त्या सभ्यतेचं कौतुकच वाटलं. आमच्याकडे असतं तर सोन्याचा तोळा न् तोळा दाखवायला लावला असता, असंही मनात आलं. अशी मी हुशार!

मग मामा रंजूकडे वळले. "आन तुह्यं ते गानं वो पोरी? खरं का?"

रंजूने गॉगल नीट केला. "नाई जी मामाजी. नाटक हाये ते. लोकं पाह्यते म्हनून."

"मीबी तेच म्हनलं. इतकी बिमार पोरगी इतकी चांगली कशी गाईन?" मामा हसले, सगळे हसले. रंजूही हसली. दारामागे उभी राहून मी ते ऐकलं आणि ते मला लागलं. ती खोटं बोलली म्हणून नव्हे. ते तिला किती सहज आलं म्हणून. माझ्यासारखंच.

लग्न ठरलं. मायने मला जवळ ओढून तोंडात पेढा कोंबला.

परतीची बस

दुसऱ्या दिवशी दुपारी मी निघाले. चामोर्शीच्या स्टँडवर मुलाची मावशी भेटली. तिचं चामोर्शीत माहेर, रात्री तिथेच थांबली होती. गडचिरोलीपर्यंत आमची एकच बस. तिने डब्यातली पुरी मला दिली, मी तिला केसांच्या तेलाचा नुस्खा दिला, आणि दोन बाया अर्ध्या तासात जेवढ्या जवळ येतात तेवढ्या आम्ही आलो. लांबच्या माणसाशी माणूस मोकळं बोलतो. पुन्हा कुठे भेट व्हायची असते?

"खरं सांगू का," ती म्हणाली, "त्या पोरीचं गानं आयकून मी भल्ली रडली होती. ते नाटक निंगालं, बरं झालं. आमाले भेव होतं, घरात खरंच लाल कार्ड हाये का काय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आमच्या पोराचं पिवळं हाये न. तुमी लांबच्या म्हनून सांगतो. पोरीचं पांढरं हाये, मंग काई फरक नाई पडत म्हन्ते."

पुरी हातातच राहिली.

चहाच्या बशीपाशी कुणी का जोर केला नाही ते आता कळलं. दोन्हीकडे झाकलेली मूठ होती, म्हणून कुणी कुणाला मूठ उघड म्हटलं नाही. दोन पिवळी कार्डं एकमेकांना पांढरं सांगून बसली होती. आणि ती बसावीत म्हणून मी माझ्या हाताने मेकअप केला होता.

मावशी पुढे बोलतच होती, हॉल, कापडं, मे महिन्यातली तारीख. मी हं हं करत होते. गप्प बसले तर? चारांत एक. म्हणजे तीन वेळा काहीच नाही. लोक याहून मोठे जुगार खेळतात. पण मग मला रंजूचे हात आठवले. रंजू म्हणजे त्या चारांतलीच ती एक. तिच्या आईबापांचं लग्न झालं तेव्हा त्यांना कुणी सांगणारं नव्हतं. इथे सांगणारी मी होते.

गडचिरोलीला उतरले. नागपूरच्या बसला पाऊण तास होता. स्टँडच्या नळावर तोंड धुवावंसं वाटलं आणि धुतलं नाही. मी फोन लावला, रंजूला. तिने त्याच नंबरचं नवं सिम घालून मायचा साधा फोन वापरायला घेतला होता.

मी सांगितलं.

"पक्कं आयकलं का ताई?"

"पक्कं."

"आता मले माईत झालं," ती म्हणाली. "आता मी चूप राह्यली तं ते लेकरू मीच जलमाले घातल्यासारखं होईन." मग म्हणाली, "तुमी सांगतलं, चांगलं केलं."

तिच्या तोंडून चांगलं केलं ऐकलं आणि मला एवढं हलकं वाटलं की मी स्टँडवर समोसा घेऊन खाल्ला. हेही लिहिते, कारण तसंच झालं.

घरी

चार दिवसांनी ती लाईव्ह आली, कुणाचा तरी स्मार्टफोन घेऊन. तोंडाला काही नाही, गॉगल नाही. तिने सगळं सांगितलं. आपण पाहुण्यांसमोर खोटं बोललो ते, कार्डं लपवली ते, दोन्हीकडची. नावं घेतली नाहीत, पण घ्यायची गरज नव्हती. तिकडे कोण कुणाकडे चहाला गेलं ते सगळ्यांना माहीत असतं. "लगन तुटलं तं तुटो, लेकरू माह्यासारखं नोको," असं म्हणून ती रडली. माझ्या आयुष्यात मी इतकं खरं बोलणारं माणूस पाहिलेलं नाही. पडदा लाल बदामांनी भरून वाहत होता. तुला सलाम, वाघीण, शेरनी. पार्लरमध्ये फेशियल लावलेलं गिऱ्हाईक बसवून ठेवून मीही एक बदाम पाठवला.

लग्न त्याच दिवशी मोडलं. मुलाकडच्यांनी गावात येऊन तमाशा केला. त्यांचंही कार्ड चव्हाट्यावर आलं होतं आणि मुलाला एक लहान बहीण होती. माय अंथरुणाला लागली. रंजूला दुखण्याचा झटका येऊन गडचिरोलीला भरती केलं. ती त्यातून उठली, पण तिने पुन्हा गाणं म्हटलेलं नाही. हे सगळं मला तुकड्या-तुकड्याने कळलं.

मागच्या रविवारी पल्लवीचा फोन आला. मी उचलताच रडायला लागले, माफी मागायला लागले. तिने मला थांबवलं. तिचा आवाज शांत होता.

"मले फक्त एक विचाराचं होतं," ती म्हणाली. "माहा नंबर तुमच्याजोळ होता न?"

होता. विहिरीवरून येताना तिनेच दिला होता.

"मंग तुमी बाईले काऊन सांगतलं? लगन माह्यं होतं. मले सांगतलं असतं तं मी त्याले एकट्याले सांगतली असती. तो आयकनारा होता ताई. पोटातल्या लेकराची तपासनी होते, मी शिकली हाये ते. आमी दोघं मिळून पाह्यलं असतं काय कराचं ते. नसतं जमलं तं चूपचाप मोडलं असतं. त्याच्या बहिनीचंबी वाचलं असतं."

खरं उत्तर हे होतं. त्या स्टँडवर फोन हातात घेतला तेव्हा पल्लवी मला आठवलीच नव्हती. मला ती खरी गोष्ट माझ्या लाल कार्डवालीला नेऊन द्यायची होती. तिने मला चांगलं केलं म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

"मला सुचलं नाही गं," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. मागे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज आला, मायचं कण्हणं आलं. "ठेवतो. मायले भात द्याचा हाये." मग म्हणाली, "आन ताई, तुमचे डाग मी कोनाले सांगतली नाई. बाईलेबी नाई. टेंशन नोका घेऊ."

मी तिला थँक्यू म्हटलं.